दोन नावांचा खेळाडू : अराता इझुमी आणि महाराष्ट्रातील व्यावसायिक फुटबॉल

नाशिक जिल्ह्यात फुटबॉल आला तो लष्कराच्या आणि आगगाडीच्या वाटेने. देवळालीची छावणी, नाशिकरोडचा तोफखाना आणि थळ घाटाच्या माथ्यावरची इगतपुरीची रेल्वे वसाहत ही या खेळाची पहिली ठाणी होत. कुस्ती, हुतुतू आणि आट्यापाट्या यांत रमलेल्या गावकऱ्यांनी तो प्रथम कुंपणाबाहेर उभे राहूनच पाहिला असावा. कुंपणाच्या आत जे खेळत होते त्यांत गोऱ्या शिपायांखेरीज आणखी एक वर्ग होता. एंजिने हाकणारा, तारखाते सांभाळणारा, पित्याकडून युरोपीय आणि मातेकडून भारतीय असा हा अँग्लो-इंडियन समाज. त्याच्या मुलांच्या शिक्षणासाठी मुंबईच्या बॉम्बे एज्युकेशन सोसायटीने १९२५ मध्ये देवळालीस बार्न्स स्कूल सुरू केले. १८१५ मध्ये ही सोसायटी स्थापणाऱ्या आर्चडीकन जॉर्ज बार्न्स यांचे नाव त्या शाळेने धारण केले आहे. सारांश, दोन वंशांचा वारसा सांगणारा माणूस आणि फुटबॉलचे मैदान यांची सांगड या जिल्ह्याला नवी नाही.

हा जुना संदर्भ येथे मुद्दाम आठवला, कारण भारतीय संविधानाने या समाजाची जी व्याख्या केली (अनुच्छेद ३६६) तिचा सारा भर पितृवंशावर आहे. ज्याचा पिता किंवा पितृपरंपरेतील कोणी पूर्वज युरोपीय होता आणि ज्याचा जन्म येथे कायम वास्तव्य करणाऱ्या आईबापांच्या पोटी येथेच झाला, तो अँग्लो-इंडियन. आई कोण, हा प्रश्न व्याख्येत उद्भवतच नाही. मिश्रवंशीय मनुष्याला कोणत्या रकान्यात घालावयाचे, हे ठरविताना कायदा बापाकडे पाहतो, ही गोष्ट पुढील कथेतही वारंवार भेटेल.

ही कथा नीलकंठ खंभोळजा उर्फ अराता इझुमी या मधल्या फळीतील खेळाडूची आहे. त्यांचा जन्म ३१ जुलै १९८२ रोजी जपानातील शिमोनोसेकी येथे झाला. होन्शू बेटाच्या पश्चिम टोकावरचे हे बंदर इतिहासाच्या अभ्यासकास १८९५ च्या चीन-जपान तहामुळे परिचित आहे. वडील गुजराती, आई जपानी. जपानात स्थायिक झालेले भारतीय म्हटले की कोबे व योकोहामा येथील सिंधी-गुजराती व्यापारी पेढ्या डोळ्यांसमोर येतात. शिमोनोसेकी त्या वहिवाटीच्या बाहेरचे गाव. खंभोळजा हे आडनाव मात्र आणंद परिसरातील खंभोळज या गावाशी नाते सांगणारे दिसते.

येथे कायद्याचा एक बारकावा नोंदविण्याजोगा आहे. १९८२ साली जपानचा राष्ट्रीयत्वाचा कायदा पितृवंशी होता. जपानी स्त्रीला परदेशी पतीपासून झालेले अपत्य जन्मतः जपानी ठरत नसे. हा नियम १९८४ च्या दुरुस्तीने बदलला आणि १ जानेवारी १९८५ पासून आईकडूनही राष्ट्रीयत्व मिळू लागले. त्याआधी जन्मलेल्या अल्पवयीन मुलांसाठी ठरावीक मुदतीत निवेदन करून जपानी होण्याची सोय ठेवण्यात आली. इकडे भारताचा १९५५ चा नागरिकत्व कायदाही त्या वेळी पितृवंशीच होता. परदेशात जन्मलेल्या मुलास भारतीय नागरिकत्व मिळे ते बाप भारतीय नागरिक असेल तर. आईचा विचार त्यात १९९२ च्या दुरुस्तीने आला. म्हणजे असे की, जन्माच्या क्षणी दोन्ही देशांचे कायदे भारतीय पित्याच्या मुलास भारताच्या बाजूने झुकविणारे होते. तरीही प्रत्यक्षात हा मुलगा जपानी म्हणून वाढला, जपानी पारपत्रावर भारतात आला, आणि भारतीय होण्यासाठी त्याला वयाच्या तिशीपर्यंत थांबावे लागले. कायद्याची अक्षरे आणि मनुष्याचे आयुष्य यांच्या वाटा किती वेगळ्या जातात, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल.

इझुमी भारतात आले ते २००६ मध्ये, कोलकात्याच्या ईस्ट बंगाल संघाकडून खेळण्यासाठी. त्यापूर्वी ते सिंगापूरच्या लीगमध्ये अल्बिरेक्स निगाता या जपानी क्लबच्या शाखेकडून आणि जपानात मित्सुबिशी मिझुशिमा या कारखान्याच्या संघाकडून खेळले होते. यातील दुसरा तपशील महाराष्ट्राच्या वाचकास ओळखीचा वाटेल. कारखान्याने संघ पोसावा, खेळाडूने कारखान्याचा सदरा घालावा, ही पद्धत मुंबईच्या फुटबॉलचाही कणा होती. टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, महिंद्र अशा कंपन्यांचे संघ हार्वूड लीगमध्ये खेळत आणि १८९१ मध्ये सुरू झालेल्या रोव्हर्स करंडकासाठी कूपरेजवर झुंजत. त्या करंडकाच्या आरंभीच्या विजेत्यांत ब्रिटिश पलटणींचीच नावे आहेत. भारतीय संघाने, म्हणजे बंगळूर मुस्लिम्सने, तो प्रथम १९३७ मध्ये जिंकला. पुढे गिरण्या बंद पडल्या, कंपन्यांनी क्रीडाखात्याची भरती आटोपती घेतली आणि नोकरीच्या आधारावर उभा असलेला हा सारा डोलारा खचत गेला. १९९६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय लीगने नोकरदार खेळाडूच्या जागी करारावरचा व्यावसायिक खेळाडू आणला खरा, परंतु क्लब जगविणार कोण, हा प्रश्न तिने सोडविला नाही.

ईस्ट बंगालकडील त्यांचा हंगाम हा त्या जुन्या राष्ट्रीय लीगचा शेवटचा हंगाम ठरला. २००७ मध्ये तिच्या जागी आय-लीग आली आणि त्याच वर्षी इझुमी मुंबईच्या महिंद्र युनायटेडमध्ये दाखल झाले. महिंद्र अँड महिंद्र कंपनीचा हा संघ १९६२ पासूनचा. २००५-०६ ची राष्ट्रीय लीग त्याने गोव्याचे प्रशिक्षक डेरिक परेरा यांच्या हाताखाली जिंकली होती, आणि इझुमींच्या काळात २००८ चा ड्युरंड करंडक चर्चिल ब्रदर्सला हरवून मिळविला. कारखान्याच्या संघातून आलेला हा जपानी खेळाडू पुन्हा कारखान्याच्याच संघात रुळला, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांच्या खेळाचा स्वभावही समजू लागतो.

त्यांच्या खेळाविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे, कारण मधल्या फळीतील खेळाडूचे काम आकडेवारीत फारसे उतरत नाही. गोल करणारा लक्षात राहतो, गोल वाचविणारा लक्षात राहतो. या दोहोंमधील साठ-सत्तर यार्डांची जमीन नव्वद मिनिटे नांगरणारा सहसा विसरला जातो. इझुमी आघाडीच्या मागे खेळत, प्रसंगी पुढेही सरकत, आणि गोलही करीत. परंतु सहकाऱ्यांनी आणि प्रेक्षकांनी त्यांची ओळख ठेवली ती मेहनतीसाठी. चेंडू गेला की तो परत मिळविण्यासाठी पहिल्यांदा धावणारा, सहकारी अडला की शेजारी येऊन पासाला जागा देणारा असा हा खेळाडू होता. शरीराने आडदांड नव्हते. भारतीय मैदानांवर त्या काळात परदेशी खेळाडू आणावयाचा तो उंच, ताकदवान आघाडीवीरच, अशी क्लबांची समजूत असे; आफ्रिकेतून आणि ब्राझीलमधून आलेल्या अशा खेळाडूंच्या गर्दीत हा सडसडीत जपानी आपल्या कष्टावर टिकला. परदेशी खेळाडूंच्या मोजक्या जागांपैकी एक जागा क्लबने मधल्या फळीतील कष्टाळू माणसास सलग अनेक वर्षे द्यावी, हीच त्याच्या उपयुक्ततेची सर्वांत सबळ साक्ष होय.

२००९ मध्ये ते पुण्यास आले. पुणे फुटबॉल क्लब हा अशोक पिरामल समूहाने २००७ मध्ये स्थापलेला क्लब दुसऱ्या विभागातून नुकताच आय-लीगमध्ये चढला होता, आणि त्याची धुरा डेरिक परेरा यांच्याकडे होती. बालेवाडीचे शिवछत्रपती क्रीडासंकुल हे त्याचे घरचे मैदान. पहिल्याच हंगामात, २००९-१० मध्ये, हा नवखा संघ डेम्पो आणि चर्चिल ब्रदर्स या गोव्याच्या दोन बलाढ्य संघांमागोमाग तिसरा आला. २०१२-१३ मध्ये तो उपविजेता ठरला. फुटबॉलची मिरासदारी बंगाल, गोवा आणि केरळ यांच्याकडे आहे अशी ज्या देशात ठाम समजूत, तेथे पुण्यासारख्या क्रिकेट-बॅडमिंटनच्या शहराने हे करून दाखविले. इझुमी या सर्व वर्षांत संघाच्या मध्यभागी होते. त्यांच्या कारकिर्दीचा हाच सर्वांत भरीव कालखंड होय.

तिकडे मुंबईत २०१० मध्ये महिंद्र युनायटेड बंद झाला. जवळजवळ अर्धशतक चाललेला आणि चारच वर्षांपूर्वी देशाचा विजेता ठरलेला संघ एका निर्णयाने इतिहासजमा झाला. ही घटना येथे नोंदवून ठेवावी, कारण तिची पुनरावृत्ती होणार आहे.

आता मुख्य प्रश्नाकडे वळता येईल. भारताच्या राष्ट्रीय संघात खेळण्यास कोण पात्र? फुटबॉलच्या जागतिक संघटनेचे नियम या बाबतीत उदार आहेत. ज्या देशाचे नागरिकत्व आहे त्या देशात आई-वडिलांपैकी किंवा आजी-आजोबांपैकी कोणाचा जन्म झाला असल्यास खेळाडूस त्या देशाकडून खेळता येते. अनेक राष्ट्रांनी याचा भरपूर लाभ घेतला आहे. परंतु त्या नियमातही नागरिकत्व गृहीत आहे, आणि भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. स्वेच्छेने परकीय नागरिकत्व घेणारा मनुष्य भारतीय राहत नाही, हे संविधानाच्या नवव्या अनुच्छेदाचे तत्त्व आहे, आणि नागरिकत्व कायद्यानेही तेच तत्त्व पुढे चालविले आहे. परदेशस्थ भारतीयांना दिले जाणारे कार्ड हे नावाने काहीही असले तरी नागरिकत्व नव्हे. याउपर डिसेंबर २००८ मध्ये केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने असे धोरण ठरविले की, राष्ट्रीय संघात केवळ भारतीय पारपत्र धारण करणाऱ्यांनीच खेळावे. तोपर्यंत काही खेळांत थोडी ढिलाई होती. अमेरिकन नागरिक असलेले प्रकाश अमृतराज डेव्हिस करंडकात भारताकडून टेनिस खेळले होते. २००८ नंतर ते दार बंद झाले.

या धोरणाच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. शासनाच्या पैशावर चालणाऱ्या संघात नागरिकांनाच संधी मिळावी, परदेशात वाढलेल्यांनी येथील मुलांच्या जागा घेऊ नयेत, हा युक्तिवाद निराधार नाही. तथापि त्याची किंमत कोणी मोजावयाची, हेही पाहिले पाहिजे. न्यूकॅसल येथे भारतीय पिता आणि इंग्लिश माता यांच्या पोटी जन्मलेले मायकेल चोप्रा इंग्लंडच्या वरिष्ठ लीगमध्ये खेळले. भारताकडून खेळण्याची इच्छा त्यांनी जाहीरपणे बोलून दाखविली होती. परंतु ब्रिटिश पारपत्र सोडल्याखेरीज ते शक्य नव्हते आणि ते घडले नाही. पुढे ते केरळच्या क्लबकडून खेळले, ते परदेशी खेळाडू म्हणूनच. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. ज्याचे घर, पोटापाण्याचा उद्योग आणि म्हातारपणाची सोय एका देशात आहे, त्याने काही सामन्यांसाठी ते सर्व सोडावे, ही अपेक्षा मोठी आहे.

इझुमींनी ती पुरी केली. भारतीय वंशाच्या मनुष्यासही नागरिकत्वासाठी येथे काही वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते, कागदपत्रांच्या पायऱ्या चढाव्या लागतात. हे सर्व उरकून २०१२ मध्ये ते भारतीय नागरिक झाले. जपानच्या कायद्याप्रमाणेही स्वेच्छेने परकीय नागरिकत्व घेणाऱ्याचे जपानी राष्ट्रीयत्व संपुष्टात येते, म्हणजे परतीची वाट दोन्ही बाजूंनी बंद होती. जपानी पारपत्र हे प्रवासाच्या दृष्टीने जगातील अत्यंत सोयीच्या पारपत्रांपैकी एक. ते परत करून घेतलेल्या नव्या पारपत्रावर नीलकंठ खंभोळजा हे नाव आले.

या त्यागाविषयी लिहिताना भावनेच्या आहारी जाण्याचा मोह होतो आणि तत्कालीन वृत्तपत्रांनी तो फारसा आवरला नाही. ‘बापाच्या देशासाठी सर्वस्व सोडणारा पुत्र’ असे चित्र रंगविणे सोपे आहे. पण व्यावसायिक खेळाडूच्या निर्णयास व्यवहाराचीही बाजू असते. नागरिक होताच ते क्लबच्या दृष्टीने भारतीय खेळाडू झाले. परदेशी खेळाडूंच्या मर्यादित जागांसाठी दरवर्षी करावी लागणारी स्पर्धा संपली आणि पुणे क्लबला एक परदेशी जागा मोकळी मिळाली. हा हिशेब त्यांच्या मनात किती होता हे ठरविण्याची गरज नाही; तो असला तरी त्यागाचे मोल उणे होत नाही. तिशी ओलांडलेल्या फुटबॉलपटूपुढे खेळाची मोजकीच वर्षे शिल्लक असतात, नागरिकत्व मात्र मरेपर्यंतचे असते. व्यवहारी मनुष्याने मांडलेला हिशेब एवढा तोट्याचा क्वचितच असेल.

६ फेब्रुवारी २०१३ रोजी कोची येथे पॅलेस्टाइनविरुद्धच्या मैत्रीपूर्ण सामन्यात ते प्रथम भारताकडून खेळले. जपानी वंशाचा खेळाडू भारताच्या संघात येण्याची ही पहिलीच वेळ. परदेशी नागरिकत्व सोडून आणि भारतीय नागरिकत्व घेऊन राष्ट्रीय फुटबॉल संघात आलेला पहिला खेळाडूही तेच. भारत तो सामना चार विरुद्ध दोन गोलांनी हरला. डच प्रशिक्षक विम कोवरमान्स यांच्या हाताखालचे ते वर्ष भारतीय संघास फारसे लाभदायक नव्हते. मार्चमध्ये म्यानमार येथे झालेल्या आशियाई चॅलेंज करंडकाच्या पात्रता फेरीत दोन विजय मिळूनही यजमानांकडून झालेल्या पराभवामुळे पुढचा मार्ग खुंटला, आणि सप्टेंबरमध्ये काठमांडूस दक्षिण आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात अफगाणिस्तानने दोन गोलांनी हरविले. इझुमींच्या वाट्याला आलेले आंतरराष्ट्रीय सामने दहाच्या आतच राहिले. निर्णय पाच-सहा वर्षे आधी होऊ शकला असता तर काय झाले असते, असा तर्क इतिहासाच्या लेखकाने करू नये. पण तो मनात आल्यावाचून राहत नाही.

क्लबच्या फुटबॉलचा नकाशा याच सुमारास पुन्हा बदलला. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि तिच्या झगमगाटात आय-लीगमधील खासगी क्लबांचा श्वास कोंडला. पुणे फुटबॉल क्लबने २०१४ च्या ड्युरंड करंडकाचा अंतिम सामना गाठला व साळगावकरकडून हरला; २०१५ मध्ये तो क्लबच उरला नाही. त्याची अकादमी नव्या लीगमधील एफसी पुणे सिटीकडे गेली. इझुमी त्या वर्षी ॲटलेटिको दि कोलकाता या संघाकडून खेळले आणि तेथे त्यांनी गोलही चांगले केले. त्या हंगामातील एक योगायोग सांगण्यासारखा आहे. डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नईस महापूर आला, म्हणून चेन्नईयिन संघाचा उपांत्य फेरीतील घरचा सामना हलविण्यात आला तो बालेवाडीस. प्रतिस्पर्धी होता कोलकाता. ज्या मैदानावर इझुमींनी उमेदीची वर्षे घालविली, तेथेच त्यांच्या संघाचा तीन गोलांनी पराभव झाला. पुढच्या वर्षी, २०१६ मध्ये, ते पुणे सिटीकडून पुन्हा त्याच मैदानावर उतरले, आणि २०१७-१८ मध्ये केरळ ब्लास्टर्सकडे जाऊन त्यांनी खेळाडू म्हणून निरोप घेतला. पुणे सिटीही २०१९ मध्ये बंद पडला. त्याची जागा हैदराबादच्या संघाने घेतली.

महाराष्ट्रातील ज्या तीन क्लबांची नावे वर आली ती क्रमाने पाहावीत: महिंद्र युनायटेड २०१०, पुणे फुटबॉल क्लब २०१५, एफसी पुणे सिटी २०१९. एकही वाचला नाही. कोलकात्याचे क्लब सभासदांचे, गोव्यातील अनेक क्लब खाणमालकांचे पण गावाच्या अभिमानावर उभे; महाराष्ट्रातील हे तिन्ही मालकाच्या मर्जीचे. प्रेक्षक होते, पण क्लबवर त्यांचा हक्क नव्हता. त्यामुळे क्लब बुडाला की त्याची दप्तरे, छायाचित्रे, सामन्यांच्या नोंदी सारे विखुरते आणि खेळाडूच्या कारकिर्दीचा पुरावाच नाहीसा होऊ लागतो. विद्यापीठांनी आणि जिल्हा संघटनांनी हे साहित्य आताच गोळा केले नाही, तर वीस वर्षांनी या काळाचा इतिहास केवळ वृत्तपत्रांच्या कात्रणांवरून लिहावा लागेल.

निवृत्तीनंतर इझुमी नव्या मुंबईतील रिलायन्स फाउंडेशनच्या निवासी युवा अकादमीत प्रशिक्षक झाले आणि देशाच्या निरनिराळ्या राज्यांतून निवडलेली मुले त्यांच्या हाताखाली तयार होऊ लागली. त्यांच्या मागोमाग त्या वाटेने जाणारा दुसरा खेळाडू मिळावयास तब्बल तेरा वर्षे लागली. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे जन्मलेले रायन विल्यम्स यांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियन पारपत्र सोडून भारतीय पारपत्र घेतले. त्यांचा भारताशी संबंध आईकडून. ती मुंबईच्या अँग्लो-इंडियन कुटुंबातील असून मातामह १९५० च्या दशकात संतोष करंडकात मुंबईकडून खेळले होते. बार्न्स स्कूल ज्यांच्यासाठी उघडले गेले, त्याच समाजाची ही शाखा. संविधानाच्या व्याख्येने ज्या समाजाची गणना पित्याकडून केली, त्याचा नातू मातेच्या धाग्याने परत आला.

अभ्यासकांसाठी एक सूचना येथे करणे इष्ट होईल. इझुमी हे नागरिकत्वाच्या कागदांवर नीलकंठ खंभोळजा आहेत. परंतु मैदानावर, सामन्यांच्या पत्रकांत आणि राष्ट्रीय संघाच्या याद्यांत नागरिकत्वानंतरही बहुधा अराता इझुमी हेच नाव आढळते, काही ठिकाणी दोन्ही. महाराष्ट्रातील फुटबॉलची नामसूची करणाऱ्याने ‘इ’ आणि ‘ख’ या दोन्ही अक्षरांखाली त्यांची नोंद घालावी आणि एकीवरून दुसरीकडे निर्देश करावा; नाहीतर एकाच माणसाचे दोन खेळाडू होतील.